मिशीवाला कतला

रविंद्र रामटेके हा माणूस निवांत बसलेला कोणी पाहिला असेल, तर त्याने इंदोऱ्यात आमच्या घरी येऊन मला सांगावं. चहाबरोबर चिवडाही देईन. मी या माणसाची बायको आहे आणि हे दृश्य मला अजून पाहायचं आहे. बातम्या तो उभ्याने पाहतो. पाहुणे आले की त्यांना ‘बसा’ म्हणतो आणि आपण दारापासून फाटकापर्यंत येरझारा घालत त्यांच्याशी बोलतो. पाहुण्यांच्या माना दुखतात. महापालिकेच्या शाळेत मी सारी नोकरी पोरांना ‘जागेवर बस’ म्हणण्यात घालवली. पोरं बसली. घरचा हा विद्यार्थी काही बसला नाही. तोंडावर मी त्याला ‘तुम्ही’च म्हणते; कागदावर ‘तो’ म्हणायची तेवढी सूट मला असू द्या.

पारशिवनीच्या पुढे, कालव्याच्या काठाला एका सहकारी संस्थेचं मत्स्यबीज केंद्र आहे. माशांची अंडी उबवून पिलं तयार करायची आणि ती गावोगावच्या तलावांना द्यायची, हा तिथला कारभार. रविंद्र तिथे लागला तो चौकीदार म्हणून. आमच्या दोन्हीकडच्या घरांत मासे खाणारे रग्गड, धरणारा एकही नव्हता. सासरे गिरणीत, माझे वडील रेल्वेत. पण तळ्याची राखण करता करता याला पाण्याचं वेड लागलं. आता कोणत्या मादीसोबत कोणते नर हौदात सोडायचे हे तोच ठरवतो. नात्यातली एक सोयरीक या माणसाने जुळवली नाही, माशांच्या मात्र जुळवत बसतो. बसतो कसला, उभ्यानेच.

यंदा पोळ्याच्या आठवडाभर आधी तो संध्याकाळी घरी आला तो मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना पाण्याचे कॅन आणि पोटाशी फुगलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या बांधून. पिशव्यांत बोटाएवढे मासे वळवळत होते.

“हे काय आणलं?” मी विचारलं.

“बोटुकली.”

“ते दिसते. घरी काहून आणली?”

“पाहाले,” तो म्हणाला आणि सरळ गॅलरीत गेला.

गॅलरीत आमचा कूलर होता. उन्हाळा सरल्यावर मी तो स्वतः घासून, गवताच्या ताट्या वाळवून, जुनी चादर पांघरून ठेवला होता. ती चादर भर्रकन निघाली, ताट्या भिंतीला लागल्या आणि कूलरच्या टाकीत कॅनमधलं पाणी पडलं. नळाच्या पाण्यातल्या औषधाने पिलं मरतात, म्हणून पाणी तिकडूनच आणलेलं. मग कूलरचा पंप लावून पाणी खेळतं ठेवलं आणि पिशव्या सोडल्या. माझ्या कूलरमध्ये मासे. चादरीची धूळ नाकात गेली तरी मला शिंकसुद्धा आली नाही, इतका राग आला होता.

“पोळ्याले नंदिनी येणार आहे पोरांले घेऊन,” मी म्हटलं. नंदिनी आमची मुलगी. “लोक पोळ्याले बैल आणतात घरी.”

“तान्हा पोळा झाला का घेऊन जातो वं.”

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. त्याच्या पायाला तशीही भिंगरी असते, त्या आठवड्यात तिला कुणी तेल घातलं होतं. सकाळी तोंड धुवायच्या आधी गॅलरीत. केंद्रावरून आला की बूट न काढता गॅलरीत. पाण्यात वाकून पाहायचा, स्वयंपाकघरात यायचा, काही न घेता परत जायचा. मध्येच मला विचारायचा, “देवाजीभाऊचा फोन आलता काय?” देवाजी त्याच्या केंद्रावरचे, आणि फोन त्याच्याच खिशात. एकदा माझी लोणच्याची काचेची बरणी रिकामी करून, लोणचं कढईत ओतून, बरणीत एक मासा घेऊन उन्हात धरून उभा. मी कढईकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि शाळेतला आवाज काढला.

“रामटेके, काय झालं ते आत्ता सांगायचं.”

तेव्हा कुठे त्याने सांगितलं. तेही अर्धं.

पारशिवनीकडच्या एका गावात यमुताई नावाच्या बाईंचा गट आहे. या बायकांनी गावचा तलाव चालवायला घेतला होता. उन्हाळाभर त्यांनी कमरेएवढ्या चिखलात उतरून बेशरमाची झुडपं उपटली. नुसते मासे वाढवून विकायचे नाहीत, त्यांतले निवडक ठेवून पुढे आपलं बीज आपणच तयार करायचं, असं यमुताईच्या डोक्यात होतं. त्यासाठी लागणारी कतला माशाची पिलं मी देतो, असा शब्द रविंद्रने दिला होता. तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या माल न्यायला येणार होत्या.

“मग द्या की.”

“देऊ कसा? कतला हाय का नाही तेच समजून नाही राहिलं.”

“म्हणजे?”

“रोहू मिसळला असन त्यात. आई कतला अन् बाप रोहू.”

मला हसू आलं. “चौदा ऑक्टोबरले दीक्षाभूमीवर जाणारं आपलं घर. जात मोडा म्हणून पोरांले शिकवलं मी. अन् तुम्ही माशाची जात पाहून राहिले?”

हे मी त्याला पहिल्यांदा म्हटलं नव्हतं. एरवी तो हसून सोडून द्यायचा. या वेळी तो येरझारा थांबवून, चिडून बोलला.

“माणसाची जात माणसानं लावली, शामला. माशाचं तसं नाही. कतला वरचं खाते, रोहू मधातलं खाते, मृगळ तळाचं. तिघं एका तलावात राह्यतात, कोणी कोणाचं ताट ओढत नाही. मिसळ झाला का तो सगळीकडं तोंड मारते. पहिल्या पिढीत काही समजत नाही, चांगला वाढते, तव्यावर सारखाच लागते. पण त्याचीच पुढं पिलं काढली तं एक असं, एक तसं, कोणी वाढते, कोणी खुरटते. त्या बायका पाच वर्षं राबतीन अन् मंग त्यायले समजन का मी त्यायले काय देलं. अन् पुरात नदीत गेले तं तिथंही तेच.”

एवढं लांब भाषण त्याने आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच केलं असेल. 

शंका कशी आली, तेही त्याने सांगितलं. जुलैत माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. दुखणं मी अंगावर काढलं होतं, आत पू झाला, आणि एका सकाळी मला रामदासपेठेत एका दवाखान्यात नेऊन टाकावं लागलं. नेमकं त्याच सकाळी केंद्रावर कतल्याच्या माद्यांना अंडी सोडण्यासाठीचं इंजेक्शन दिलेलं होतं. ते दिल्यावर काम मागे घेता येत नाही. संध्याकाळी नर-मादी हौदात सोडावेच लागतात. ते काम देवाजींनी केलं. देवाजी म्हणजे केंद्रावरचे जुने ढिवर, रविंद्रपेक्षा वयाने मोठे. जाळं कसं फेकायचं, ओल्या हातात मासा कसा धरायचा, हे या चौकीदाराला त्यांनीच शिकवलं. पुढे हा त्यांचा वरचा झाला तरी ‘देवाजीभाऊ’ सुटलं नाही.

मला घरी आणल्यावर रविंद्र केंद्रावर गेला, तर हौदाच्या तोंडाशी लावलेल्या जाळीत त्याला एक खवला सापडला. लालसर कडेचा. कतल्याचा खवला राखी, रोहूचा लालसर. त्या दिवशी त्या हौदात रोहूचं काही काम नव्हतं. त्याने देवाजींना विचारलं. ते म्हणाले, आधीच्या खेपेचा अडकून राहिला असेल. तसं होऊही शकतं. पण देवाजींनी हे सांगताना जाळ्यावरून मान वर केली नाही, आणि कुठेतरी पाणी मुरतंय हे याच्या मनाने घेतलं. तेव्हापासून हा माणूस पिलं मोठी होण्याची वाट पाहत होता. जिऱ्याएवढ्या पिलात काही कळत नाही. बोटाएवढी झाली की कळतं.

“मग आता झाली ना बोटाएवढी. पाहा आणि मोकळे व्हा.”

“तेच तं होत नाही,” तो म्हणाला. “सकाळी पाहतो तं कतला दिसते. संध्याकाळी पाहतो तं मिसळ दिसते. जे भेव मनात हाय तेच डोयाले दिसते. देवाजीभाऊवर आळ घ्याचा म्हणजे साधी गोष्ट हाय काय?”

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून बाहेर पडली. नंदिनीही आपली दोन्ही घेऊन गेली. घर रिकामं झालं तसा रविंद्र माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हातात माझी तीन पातेली.

“शामला, एक काम कर. टाकीत दोन जातीचे मासे हायेत, कतला अन् रोहू. येगळे करून दे.”

“मी? मला काय कळतं?”

“तुले नाही कळत म्हणूनच.”

त्याने मला दोन गोष्टी सांगितल्या. कतल्याचं डोकं मोठं, तोंड वर वळलेलं, जिभेवर घास मागणाऱ्या लेकरागत, मिशी नसते. रोहूचं डोकं लहान, तोंड खालच्या बाजूला, खालच्या ओठाला परकराच्या झालरीसारखी बारीक झालर, आणि तोंडाच्या कडेला केसाएवढी मिशी. बस. एवढं सांगून तो फाटकाबाहेर गेला. जवळ राहिलो तर माझ्या तोंडाकडे पाहून तू अंदाज बांधशील, म्हणाला. मी खिडकीतून पाहिलं. गल्लीत पोरांच्या लाकडी बैलांमधून तो एकटाच येरझारा घालत होता, आणि नंदिनीचा धाकटा आपला बैल घेऊन मुद्दाम त्याच्या पायात येत होता.

मी चाळणीने मासा काढायचा, बरणीत टाकायचा, उजेडाला धरायचा, पाहायचा आणि पातेल्यात सोडायचा, असं सुरू केलं. आधी सगळे सारखेच दिसले. नव्या वर्षी पहिलीच्या वर्गात गेल्यावर असंच होतं. साठ डोकी, सगळी तेल लावलेली. मग हळूहळू चेहरे वेगळे व्हायला लागतात. मोठ्या डोक्याचे या पातेल्यात, झालरवाले त्या पातेल्यात. भराभर हात चालायला लागला. मजा वाटायला लागली, खोटं कशाला सांगू.

आणि मग अडायला लागलं. एक असा आला की डोकं मोठं, म्हणून कतला. पण तोंड वर न वळता नाकासमोर सरळ. मी त्याला कतल्यात टाकला, परत काढला. रोहूत टाकला, परत काढला. तसाच दुसरा आला. तिसरा आला. शाळेत अशा पोरांना मी पुढच्या बाकावर वेगळं बसवायची, समजेपर्यंत. यांनाही तिसऱ्या पातेल्यात बसवलं. तिसरं पातेलं त्याने मला का दिलं होतं, हे तोपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ते भरत चाललं. सगळं झाल्यावर मी त्यातला एक पुन्हा बरणीत घेतला, चष्मा पुसला आणि उन्हाच्या तिरिपेत धरला. मोठ्या डोक्याच्या त्या माशाच्या तोंडाच्या कडेला एक केस होता. पाण्याबरोबर हलत होता.

मी खिडकीतून हाक मारली. तो धावत आला.

“तुम्ही म्हणाले दोन जाती. माझ्याजवळ तीन झाल्या,” मी म्हटलं. “अन् या तिसऱ्यातल्या कतल्याले मिशी आहे.”

त्याने बरणी घेतली नाही. तीन पिशव्या आणल्या होत्या त्याने, हे तेव्हा सांगितलं: एकीत आधीच्या खेपेचा खात्रीचा कतला, एकीत रोहू, आणि एकीत यमुताईला द्यायचा माल. ज्याला काहीच माहीत नाही अशा डोळ्याने तीन वाटे केले, म्हणजे प्रश्न संपला होता. मला वाटलं तो ओरडेल. तो फक्त म्हणाला, “देवाजीभाऊ खोटं बोलला माह्याशी,” आणि त्याचा चेहरा असा झाला की मला ती बरणी फोडून टाकावीशी वाटली. कशाला पाहिली मी ती मिशी?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला तेव्हा मी मागे बसले. नंदिनी नको म्हणत होती, पोटाचे टाके अजून ओढतात म्हणून. पण या माणसाचा राग मला माहीत आहे. एरवी तो पायांतून निघून जातो. ज्या दिवशी तोंडातून निघतो त्या दिवशी समोरच्याचं काही खरं नसतं. शिवाय देवाजींच्या घरची वांगी आम्ही इतकी वर्षं खाल्ली आहेत. कामठी गेली, कन्हान गेली.

देवाजी हौदाजवळ जाळं पसरून फाटलेलं शिवत होते. मला पाहून त्यांनी “जय भीम वहिनी, तब्येत कशी हाय?” म्हटलं. मी उत्तर देण्याआधीच रविंद्रने बरणी त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवली.

“देवाजीभाऊ, याच्यात पाहा.”

त्यांनी पाहिलं. फार वेळ लागला नाही. ज्याला माहीत आहे त्याला कशाला वेळ लागतो.

“त्या दिवशी रोहूचे नर कोणी टाकले?”

“मीच टाकले,” देवाजी म्हणाले.

“काहून?”

“कतल्याचे नर बेकार निघाले. पोट दाबलं तं बीज नाही, पाणीच निघे. मादी तयार झालती, अंडी पोटात अडकली असती तं मेली असती. मंग टाकले.”

“अन् मले काहून नाही सांगितलं? मी इचारलं तेव्हा काहून नाही सांगितलं?”

देवाजींची सुई जाळ्यातच राहिली.

“बाप्पा, तुम्ही खोटं बोलले माह्याशी!” रविंद्र ओरडला. कालव्यापलीकडच्या माणसाने वळून पाहिलं. “त्या बायकायनं माह्या भरोशावर तलाव घेतला. मी आता त्यायले काय तोंड दाखवू? आजपासून हौदाले हात लावाचा नाही तुम्ही. जाळे शिवा अन् घरी जा.”

असं बोलून तो मागच्या तळ्याकडे निघून गेला, आणि देवाजी खरोखरच खांद्यावरचा दुपट्टा झटकून जाळं गुंडाळायला लागले. ज्या माणसाने तुला पाण्यात उतरायला शिकवलं त्याला ‘हौदाला हात लावू नको’? मला नवऱ्याचाही राग आला, आणि मुकाट ऐकून घेणाऱ्या या म्हाताऱ्याचाही. चौकीत जाऊन मी चहा केला आणि दोन कप घेऊन त्यांच्यापाशी बसले.

“देवाजीभाऊ, एका फोनाचं काम होतं. करायचा ना फोन.”

“केलता ना, वहिनी.”

“कोणाले?”

त्यांनी मागच्या तळ्याकडे पाहिलं. रविंद्र बांधावरून इकडून तिकडे चालत होता.

“त्यायलेच. संध्याकाळी. तुमचं ऑपरेशन सुरू होतं. मी म्हटलं, नर बेकार निघाले, मादी जाऊन राहिली, रोहू टाकू काय? ते म्हणे, ‘टाका काय टाकाचं ते. मले काही इचारू नका आता.’ अन् रडाले लागले, वहिनी. फोन कानाले लावून रडून राहिले. इतक्या वर्षांत मी त्यायले रडताना आयकलं नव्हतं. मी फोन ठेवला अन् टाकले नर.”



“मग त्यांनी विचारल्यावर हे सांगितलं का नाही?”

“त्यायच्या ध्यानातच नाही का फोन झालता. मी काय सांगू? बायकोपायी रडत होता, त्यात तुहा नेम चुकला, असं माणसाच्या तोंडावर कोणी म्हणते काय? वाटलं, एखांद्या वेळेस कतल्यावरच जातीन पिलं, कोणाले समजणार नाही.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “तुम्ही बोलू नका. माह्यावर राहू द्या. मले काय, दोन वर्षांत घरीच बसाचं हाय.”

मी कधी कोणाचं गुपित ठेवलं नाही, आणि शाळेत याबद्दल मी बदनाम होते. एकाची चूक दुसऱ्याने पाठीवर घेतली की मला दोघांनाही छडी द्यावीशी वाटते. मी कप ठेवला, पोट धरून बांधावर चढले आणि रविंद्रला जिथे गाठला तिथेच सांगितलं. जसं ऐकलं तसं, रडण्यासकट.

“नाही,” तो म्हणाला. “असं नाही होऊ शकत.” मग म्हणाला, “मी असं कसं म्हणन?” तळ्याच्या कडेला खाली वाकून तो हात धूत राहिला. हाताला काही लागलेलं नव्हतं.

तेवढ्यात फाटकाशी टेम्पो वाजला. मागे पाण्याची काळी टाकी, तिच्या भोवती सात-आठ बायका पदर खोचून उभ्या, आणि ड्रायव्हरशेजारी यमुताई. हिरवं लुगडं, आवाज टेम्पोच्या हॉर्नपेक्षा मोठा. उतरता उतरताच त्यांनी विचारलं, “रामटेकेभाऊ, कुठं हाय आमचा कतला?”

मला वाटलं, आता हा काहीतरी सांगून वेळ मारून नेईल. नर बेकार निघाले, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. खोटंही नव्हतं ते. देवाजीही पुढे आले होते, बोलायला तोंड उघडत होते. रविंद्रने हात करून त्यांना थांबवलं.

“यमुताई, कतला नाही देत मी तुम्हाले. हाय तो मिसळ हाय. रोहूचे नर पडले त्यात.”

“कोणी पाडले?”

“मीच म्हटलं टाका म्हणून. देवाजीभाऊनं फोनवर इचारलं, मी बेफिकिरीनं हो म्हटलं. चूक माही हाय.”

बायकांत गलका झाला. यमुताईने तो एका हाताने थांबवला आणि मग स्वतः सुरू झाल्या. त्यांचं बोलणं मी इथे सगळं लिहीत नाही. उन्हाळाभर चिखलात सडलेले पाय, गावातले हसणारे पुरुष, ‘बायकांचं काय काम तलावात’ म्हणणारा सरपंच, सगळं त्यांनी काढलं, आणि त्यातलं काहीच चूक नव्हतं. “आमचा एक पावसाळा गेला, भाऊ,” त्या शेवटी म्हणाल्या. “मिसळ तं मिसळ, दे आम्हाले तेच. टेम्पो रिकामा नेऊ काय गावात?”

“नाही देत,” रविंद्र म्हणाला. “शिव्या द्या, पण तो तुमच्या तलावात मी जाऊ देणार नाही. इथंच बंद तळ्यात वाढवतो अन् बाजारात पाठवतो. रोहू अन् मृगळ खरा हाय, तो आज भरून न्या. कतला पुढच्या पावसाळ्यात.”

यमुताईंनी सोबतच्या बायकांकडे वळून पाहिलं. मग म्हणाल्या, “पुढच्या पावसाळ्यात आम्ही चौघी येऊ इथं. हौदापाशी उभ्या राहू. कोणता नर पडते ते आमच्या डोयानं पाहू. फोनबिन काही नाही.”

“या.”

“अन् ओळखाचं कसं ते आज सांगा. आत्ता.”

रविंद्र देवाजींकडे वळला. त्यांच्याकडे सरळ पाहणं त्याला जड जात होतं, हे मला लांबूनही दिसत होतं. “देवाजीभाऊ,” तो म्हणाला, “हौदाकडं चला. यायले तुम्ही दाखवा.”

“तुम्ही तं घरी जा म्हटलं होतं,” देवाजी म्हणाले.

“म्हटलं होतं. चुकलो मी.”

“मंग जाळं कोण धरन? तुम्हाले एकट्याले जमते काय?” देवाजी म्हणाले आणि दुपट्टा कमरेला बांधून हौदाकडे चालू लागले. बायका त्यांच्यामागे गेल्या. माझी लोणच्याची बरणी सगळ्यांच्या हातून फिरली, आणि प्रत्येकीने ती मिशी पाहून शिवी हासडली.

परत निघायला दुपार उतरली. यमुताई माझ्याशी शेवटपर्यंत गोड बोलल्या नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही. देवाजींनी पिशवीभर वांगी दिली. पारशिवनी मागे पडल्यावर मी त्याच्या पाठीमागून विचारलं, “खरंच आठवत नाही तुम्हाला तो फोन?”

वाऱ्यात त्याला ऐकू गेलं नाही असं वाटलं. पण तो म्हणाला, “नाही आठवत वं. त्या दिवसाचं मले काहीच आठवत नाही. तो दरवाज्यावरचा लाल दिवा तेवढा आठवते. तो इझल्यावर डॉक्टर बाहेर येऊन काय सांगन, तेवढंच.”

मी त्याच्या शर्टाच्या पाठीत तोंड खुपसून रडले. त्याने गाडी हळू केली, पण थांबवली नाही, आणि मीही थांबवा म्हटलं नाही. इतक्या वर्षांत या माणसाने मला एक धड गोड शब्द बोलून दाखवला नव्हता. यमुताईच्या गटाचा एक पावसाळा माझ्यापायी वाया गेला, याचं मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. कन्हानचा पूल येईपर्यंत मी नुसती सुखाने रडत होते, आणि हे मी यमुताईंना कधीही सांगणार नाही.